शॉवर टपकतोय? आधी दोष शोधा, मग पाना हातात घ्या

शॉवर बंद केल्यावरही टपकत राहिला की बहुतेक घरांत शॉवरचं तोंड काढून त्याला टेफ्लॉन टेप गुंडाळली जाते, नाहीतर नवा शॉवर आणला जातो. दोन्ही केलं तरी टपकणं थांबत नाही, कारण दोष तिथे नसतोच. पाणी अडवायचं काम भिंतीवरच्या वॉल मिक्सरमधले (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळातले) दोन स्पिंडल, म्हणजे मुठींमागचे फिरणारे भाग, करतात, एक गरम पाण्याचा आणि एक थंड पाण्याचा. शॉवर म्हणजे फक्त शेवटचं तोंड. मागे पाणी अडलं नाही तर ते तिथून बाहेर येणारच.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत शेजाऱ्यांकडे हे काम मी अनेकदा केलं आहे. काम बिघडतं ते पाना नीट चालवता न आल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते. चुकीच्या बाजूचा स्पिंडल बदलला जातो, जुना नमुना न नेता नवा आणला जातो, किंवा पाणी पूर्ण बंद आहे की नाही हे न तपासताच खोलायला सुरुवात होते. म्हणून पुढे तयारीवर जास्त लिहिलं आहे. ती वगळू नका.

दोन मुठींचा, भिंतीबाहेर दिसणारा वॉल मिक्सर मुंबईतल्या फ्लॅटमध्ये सर्रास असतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. एका दांडीचा मिक्सर किंवा भिंतीत लपलेला डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे की तोटीकडे ते वळवणारा भाग) असेल तर टप्पा १ ते ३ तसेच वापरा, पुढचं काम मात्र आतल्या कार्ट्रिजचं (पाणी अडवणाऱ्या एकसंध भागाचं) असतं आणि ते हुबेहूब त्याच मॉडेलचं लागतं.

टप्पा १ : खरंच गळतंय का, आणि कुठून?

मोठ्या गोल शॉवरच्या तोंडात आणि वरच्या वाकड्या नळीत बंद केल्यावरही पाणी साठून राहतं. ते काही मिनिटं थेंबथेंब पडतं, कधी मध्येच एकदम ओंजळभर सांडतं. ही गळती नव्हे. छिद्रांवर क्षार बसले असतील तर हे जास्त वेळ चालतं. तोंड व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून जुन्या टूथब्रशने घासलं की फरक पडतो.

खरी परीक्षा अशी करा. शॉवर बंद करून अर्धा तास थांबा. तोंड फडक्याने पुसा. खाली पातेलं ठेवा आणि एक तासाने बघा. पातेलं कोरडं असेल तर दुरुस्तीची गरज नाही. पाणी जमलं असेल तर मापून ठेवा. तासाला अर्धा लिटर म्हणजे दिवसाला १२ लिटर, जवळपास एक बादली. हा आकडा लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर तुलनेला उपयोगी पडेल.

आता नेमकं कुठून गळतंय ते पाहा:

- सगळं बंद असताना शॉवरमधून किंवा खालच्या तोटीतून थेंब पडत असतील तर स्पिंडल खराब आहे. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.
- खालच्या तोटीतून पाणी सोडल्यावरच वर शॉवर टपकत असेल तर मधला डायव्हर्टर खराब आहे. स्पिंडल बदलून काही होणार नाही.
- मूठ फिरवताना तिच्या मागून पाणी झिरपत असेल तर स्पिंडलच्या दांडीवरची ओ-रिंग (रबरी कडी) किंवा ग्लँड (दांडीभोवतीचं पाणी अडवणारं पॅकिंग) गेली आहे.
- शॉवरच्या नळीच्या जोडातून पाणी येत असेल तर तिथे टेफ्लॉन टेप लागेल. टेपचं खरं काम एवढंच.

थांबा : भिंतीला टेकलेल्या गोल फ्लँजच्या मागून पाणी येत असेल, फरशीच्या सांध्यात ओल दिसत असेल किंवा खालच्या मजल्यावरून छत ओलं झाल्याची तक्रार आली असेल, तर काहीही खोलू नका. दोष भिंतीच्या आत आहे. प्लंबरला बोलवा.

टप्पा २ : गरम बाजू की थंड बाजू?

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. थेंबाला हात लावून गरम की थंड हे ठरत नाही, कारण हळू गळणारं गरम पाणी नळीतच निवतं.

गीझरचं बटण बंद करा. गीझरला खालून दोन नळ्या जोडलेल्या असतात. निळ्या खुणेची थंड पाणी आत नेते, लाल खुणेची गरम पाणी बाहेर आणते. निळ्या नळीवर चावी (व्हॉल्व्ह) असेल तर ती बंद करा, शॉवर पुसा आणि अर्धा तास थांबा. टपकणं थांबलं तर गरम बाजूचा स्पिंडल खराब आहे. तसंच चालू राहिलं तर थंड बाजूचा. वेग कमी झाला पण थांबला नाही, तर दोन्ही.

चावीच नसेल, आणि जुन्या फ्लॅटमध्ये ती बऱ्याचदा नसते, तर अंदाज बांधत बसू नका. दोन्ही स्पिंडल एकाच दिवशी बदला. दोघांचं वय सारखंच असतं.

आणखी एक खूण आहे. गीझर तापत असतानाच टपकणं वाढतं, एरवी थांबतं, असं होत असेल तर गरम बाजूवर संशय घ्या. पाणी साधारण २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापलं की जवळपास पावणेदोन टक्के फुगतं. १५ लिटरच्या गीझरमध्ये हे पाव लिटर होतं. वाढलेल्या पाण्याला मागे नळीत जाता आलं नाही की ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं, नाहीतर कमजोर स्पिंडलमधून.

टप्पा ३ : पाणी कुठे बंद होतं ते आधीच शोधून ठेवा

काम सुरू करायच्या आदल्या दिवशी हे करा. शोधायची ठिकाणं अशी: बाथरूमच्या भिंतीत उंचावर लपवलेला स्टॉप कॉक, बाथरूमवरचा माळा, स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधली जागा, आणि बाहेरच्या डक्टमधल्या (नळ्यांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या) नळ्या. सापडलेली चावी बंद करा आणि शॉवरच्या दोन्ही मुठी उघडून पाहा. काही सेकंदांत धार थांबली पाहिजे.

धोका : डक्टमधल्या चावीपर्यंत पोचायला खिडकीतून बाहेर वाकू नका आणि डक्टमधल्या छज्जावर पाय ठेवू नका. ते छज्जे माणसाच्या वजनासाठी नसतात. हात सहज पोचत नसेल तर ती चावी तुमच्यासाठी नाही.

जुनी पितळी गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे जाम असते. जोर लावलात तर दांडी तुटते आणि मग पूर्ण घराचं पाणी बंद करावं लागतं. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे अशी हलवत सैल करा. तरीही फिरली नाही तर सोडून द्या.

घरात चालणारी चावी नसेल तर गच्चीवरच्या टाकीतून तुमच्या रांगेला येणाऱ्या डाउनटेकची (खाली उतरणाऱ्या मुख्य नळीची) चावी बंद करावी लागते. तिच्यावर तुमच्या वरचे आणि खालचे सगळे फ्लॅट असतात. सेक्रेटरींना विचारा, लिफ्टजवळ वेळेसकट चिठ्ठी लावा आणि चावी पंपवाल्या माणसाकडूनच बंद करून घ्या. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी कुणाला न सांगता चावी फिरवली होती. वरच्या एका घरी आजारी माणसाची आंघोळ चालू होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

वेळ निवडा ती कामाच्या दिवशी सकाळी ११ नंतरची. तोवर घरोघरच्या आंघोळी आटोपलेल्या असतात, दुकानं उघडलेली असतात आणि काही अडलं तर प्लंबर मिळतो. रविवारी संध्याकाळी सुरुवात करू नका. दोन बादल्या भरून बाजूला ठेवा.

टप्पा ४ : हत्यारं आणि सामान

एक अॅडजस्टेबल पाना, एक वॉटर पंप प्लायर, चपटा आणि फुलीचा असे दोन स्क्रूड्रायव्हर, अॅलन कीचा छोटा संच, टॉर्च, जुना टूथब्रश, जाड फडकं आणि सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब. मोबाइलचा कॅमेरा लागेलच.

स्पिंडल आधी विकत आणू नका. सारख्या दिसणाऱ्या दोन स्पिंडलमध्ये वरच्या दात्यांची संख्या, आट्यांचा व्यास, दांडीची लांबी आणि काही मॉडेलमध्ये फिरण्याची दिशासुद्धा वेगळी असते. पाव फेरीचे सिरॅमिक स्पिंडल डावे आणि उजवे असे निरनिराळे मिळतात. मिक्सरवरचं कंपनीचं नाव आणि मिक्सरचा फोटो घेऊन जवळच्या हार्डवेअरवाल्याला फक्त विचारून ठेवा, की हा माल तुमच्याकडे असतो का. नसेल तर दक्षिण मुंबईतल्या लोहार चाळीत किंवा नागदेवी स्ट्रीटवर शोधता येईल, पण मग बाथरूमचं पाणी अर्धा दिवस बंद राहील हे घरच्यांना आधी सांगा.

टप्पा ५ : खोलणे

१. गीझर आदल्या रात्रीपासून बंद हवा. साठवणीच्या गीझरमधलं पाणी कित्येक तास चटका लागेल इतकं गरम राहतं. गीझरचा एमसीबीही (वीज तोडणारा स्विच) खाली करा.

२. पाण्याची चावी बंद करा. गीझरची निळी चावीही बंद करा. मग मिक्सरच्या दोन्ही मुठी पूर्ण उघडा आणि नळीतलं पाणी वाहून जाऊ द्या.

तपासा : पाच मिनिटांनी दोन्ही बाजू पूर्ण कोरड्या आहेत का? बारीक धार येत असेल तर चावी पूर्ण बंद होत नाही. स्पिंडल काढल्यावर ती धार मोठी होईल. इथेच थांबा.

३. मोरीच्या जाळीवर फडकं टाका. मुठीतला छोटा स्क्रू गटारात गेला की तो मॉडेलसकट शोधत फिरावं लागतं.

४. मुठीवरची लाल किंवा निळी टिकली पातळ पात्याने कडेने उचला. खाली स्क्रू दिसेल. टिकली नसेल तर मुठीच्या खालच्या बाजूला छोटं भोक शोधा, तिथे अॅलन की लागते. स्क्रू काढून मूठ सरळ बाहेर ओढा. क्षारांमुळे चिकटली असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तिच्याभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि हलवत काढा. हातोडी वापरू नका. टॉयलेट साफ करायचं अॅसिड तर अजिबात नको, क्रोम निघून जातं.

५. मुठीखालचं गोल आवरण हाताने फिरवून काढा. आता षटकोनी पितळी भाग दिसेल. तोच स्पिंडल. फोटो काढा.

६. पान्याच्या जबड्यात फडकं ठेवा. एका हाताने मिक्सरचं अंग घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने स्पिंडल घड्याळाच्या उलट दिशेने सैल करा.

धोका : पूर्ण मिक्सर हलतोय असं वाटलं की त्या क्षणी थांबा. जुन्या इमारतींत भिंतीतल्या जोडण्या जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) असतात आणि आतून गंजलेल्या असतात. मिक्सर फिरला की भिंतीत निपल (जोडणीचा छोटा नळीचा तुकडा) तुटतो, मग फरशी फोडावी लागते. पाचशे रुपयांच्या कामाचे काही हजार होतात ते याच क्षणी. गंज सैल करणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा आणि पुन्हा एकदा प्रयत्न करा. दुसऱ्यांदाही हलला नाही तर प्लंबर.

टप्पा ६ : काय खराब झालं ते बघा

जुन्या पद्धतीचा, तीन-चार फेऱ्या फिरणारा स्पिंडल असेल तर त्याच्या टोकाला रबरी वायसर असतो. त्यावर गोल खाच पडलेली दिसेल किंवा तो दगडासारखा कडक झालेला असेल. फक्त वायसर बदलून काम होतं.

पाव फेरीचा असेल तर आत दोन सिरॅमिक चकत्या असतात. त्यांच्यामध्ये वाळूचा एक कण आला तरी गळती सुरू होते. टाकी साफ केल्यावर किंवा रस्त्यावर जलवाहिनीचं काम झाल्यावर आठवड्याभरात शॉवर टपकायला लागला असेल तर कारण बहुधा हेच. चकत्या धुऊन कधीकधी गळती थांबते, पण चरा पडलेली चकती परत गुळगुळीत होत नाही. मी अशा वेळी पूर्ण स्पिंडल बदलतो.

उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर हा त्रास लवकर होतो. टाकीपासून दर १० मीटर खाली उतरलं की पाण्याचा दाब साधारण १ बारने वाढतो. वीस मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दाब कमी करणारी चावी नसेल तर तो ५ बारच्या वर जातो. तिथे स्वस्तातला स्पिंडल घेऊ नका.

आता टॉर्च लावून स्पिंडलच्या भोकात पाहा. आत जिथे वायसर टेकतो ती पितळी कडा म्हणजे सीट. स्वच्छ फडक्याने पुसून करंगळीने हळूच चाचपा. कडा गुळगुळीत लागली पाहिजे. खाच लागली तर नवा वायसरही महिन्याभरात गळेल. सीट घासायचं हत्यार प्लंबरकडे असतं, ते काम त्याच्याकडून करून घ्या.

टप्पा ७ : दुकानात

जुना स्पिंडल धुऊन, पुसून पूर्ण घेऊन जा. नवा काउंटरवर त्याच्या शेजारी उभा धरा. दाते मोजा, लांबी जुळवा, आटे एकमेकांवर टेकवून बघा. घरची मूठ सोबत नेली असेल तर ती बसवून पाहा. "चालून जाईल, थोडा जोर लावा" असं कुणी म्हटलं तर घेऊ नका. पितळेचे आटे मऊ असतात आणि मिक्सरचे आटे गेले की पूर्ण मिक्सर बदलावा लागतो.

टप्पा ८ : बसवण्याआधी नळी धुवा

हा टप्पा जवळपास सगळे वगळतात, आणि मग नवा स्पिंडल दुसऱ्या दिवशी टपकतो. खोलताना सुटलेला गंज आणि गाळ नळीत पडलेला असतो. एकाला चावीपाशी उभं करा. भोकासमोर जाड फडकं धरा, खाली बादली ठेवा आणि चावी दोन-तीन सेकंद अगदी थोडी उघडून लगेच बंद करायला सांगा. गरम बाजूला हे करताना गीझरचं पाणी थंड झालंय याची खात्री हवी. गच्चीवरच्या चावीवर अवलंबून असाल तर फोनवरून हे नेमकं जमत नाही, मग टूथब्रश आणि ओल्या फडक्याने आतून पुसण्यावर भागवा.

टप्पा ९ : बसवणे

ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, त्यांनी रबर फुगून खराब होतं.

स्पिंडल अर्धा उघडा ठेवा. म्हणजे आवळताना वायसर किंवा चकत्या दाबल्या जात नाहीत. मग पहिल्या तीन फेऱ्या फक्त बोटांनी फिरवा. अडकलं तर मागे फिरवून पुन्हा सरळ धरा. आटे नीट बसले की स्पिंडल जवळपास शेवटपर्यंत बोटांनीच जातो. पाना फक्त शेवटी लावा, टेकल्यावर पाव फेरी. पुरे.

स्पिंडलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नका. इथे पाणी ओ-रिंग किंवा खालचा रबर अडवतो. टेपचे तुकडे आत जाऊन चकत्यांमध्ये अडकतात.

टप्पा १० : पाणी सोडणे आणि तपासणी

मिक्सरच्या दोन्ही मुठी उघड्या ठेवून चावी हळूहळू उघडा. हवा फुसफुसत बाहेर येईल, पाणी गढूळ असेल, ते मिनिटभर वाहू द्या. गीझरची निळी चावी उघडा. गरम बाजूने एकसारखी धार येईपर्यंत थांबा, मगच एमसीबी वर करा. रिकामा गीझर चालू झाला तर कॉइल जळते.

आता मुठी बंद करा. वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा मुठीमागे, फ्लँजभोवती आणि जोडांवर टेकवा. ओला डाग बारीक झिरपणंही दाखवतो. मग पहिल्या टप्प्यातली पातेल्याची परीक्षा पुन्हा करा, पण या वेळी रात्रभर.

पाव फेरीचा नळ बंद व्हायला जोर लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. जुन्या नळाची सवय असलेली आजी-आजोबांची पिढी तो आवळून बंद करते आणि आतला अडसर झिजतो. मुलांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही एकदा फिरवून दाखवा.

सकाळी पातेल्यात पाणी असेल तर

रात्रभरात जमलेल्या पाण्याला तासांनी भागा आणि आधीच्या तासाच्या मापाशी तुलना करा. निम्म्यावर आलं असेल तर दुसऱ्या बाजूचा स्पिंडलही खराब आहे. काही फरक नसेल तर बहुधा चुकीची बाजू बदलली आहे, टप्पा २ पुन्हा करा. दोन्ही बदलूनही गळत असेल तर सीट खराब आहे आणि काम प्लंबरचं आहे. त्याला फोनवर फक्त "शॉवर गळतो" असं सांगू नका. मिक्सरची कंपनी, कोणत्या बाजूचा स्पिंडल बदलला, सीटवर खाच लागली का, पाणी कुठून बंद होतं आणि तासाला किती जमतं, एवढं सांगा. तो सीट घासायचं हत्यार सोबत घेऊन येईल आणि दुसरी फेरी वाचेल.